माझं फंक्शन, त्याचं फंक्शन

नाही, पण मी म्हणतो, माणसानं न येण्यालासुद्धा काही रीत असते की नाही? येत नाही तर येत नाही म्हणावं! का येत नाही ते सांगावं! आम्ही ऐकून घेऊ, आम्हाला राग येईल, आम्ही जेवताना बोलणार नाही, झोपताना बोलू… पण हे काय? "बघू"! "बघू, बाबा"! अहो, बघू म्हणजे काय? हे क्रियापद आहे की मागचं दार?

बसा हो, बसा, तुम्ही नका उठू, मी तुम्हाला नाही बोलत, तुम्ही तर आलात! आलेल्यांनाच न आलेल्यांबद्दल ऐकून घ्यावं लागतं, हा सगळ्या सभांचा कायदाच आहे. तुम्हाला सांगतो, चाळीस वर्षं मी सभाच केल्या… म्हणजे भाषणं नाही हो, बातम्या! खामगावला, आमच्या दैनिकात. समोर टेबल, टेबलावर पाण्याचा तांब्या, वर हार, मागे वाकडा बॅनर, आणि मी कायम खाली, दुसऱ्या रांगेत, पेन घेऊन. आज पहिल्यांदा वर उभा आहे, माझाच सत्कार, माझंच भाषण, आणि खाली दुसरी रांग बघतो तर दुसऱ्या रांगेत कुणीच नाही! तिसरीत नाही. चौथीत एक गृहस्थ आहेत, ते झोपलेत. झोपू द्या, त्यांच्या न येण्यापेक्षा त्यांचं झोपणं बरं.

आणि ही शाल! वसंतराव, तुम्ही इथल्या मराठी मंडळाचे चिटणीस आहात, रेल्वेत आयुष्य काढलंत, इथं विद्याधर नगरात घर बांधलंत, तुम्हाला जयपूरचा मे महिना माहीत नाही का? हा सत्कार आहे की शिक्षा? नाही, काढत नाही, काढत नाही, फोटो व्हायचाय.

फोटो का व्हायचाय? कारण ती पहिल्या रांगेतली खुर्ची, जिच्यावर माझी कापडी पिशवी ठेवलीय, ती कौशिकची. माझा मुलगा. जयपूरच्याच मानसरोवर भागातून निघाला की… निघाला की नाही ते मला माहीत नाही, पण निघाला की पोचेलच. माझ्या खिशात भाषण आहे, त्याच्या शेवटी दोन वाक्यं आहेत त्याच्याबद्दल, ती मला त्याच्या तोंडावर म्हणायची आहेत, घरी ती म्हणता येत नाहीत, घरी तो कानात ती फोनची बोंडं घालून असतो. म्हणून तो येईपर्यंत मी बोलणार. वसंतराव, घड्याळ दाखवू नका! मला दिसतंय! दारात ती झेंडूच्या माळा घेऊन उभी असलेली मंडळी पण दिसतायत. पुढचं बुकिंग. त्यांच्या मुलीची सगाई आहे. "अंकलजी, आपका और कितना चलेगा?" अहो भाईसाब, अंकलजीलाच माहीत नाही!

तर मी इथं कसा आलो? माझी मुलगी मयूरी, पुण्याला, तिला जुळं झालं. आमच्या घरून तातडीनं आजी मागवण्यात आली. आजोबा? मयूरीच्या घरात जागा एकाची. "बाबा, तुम्ही कौशिककडे जा ना, त्याचा फ्लॅट मोठा आहे." झालं! लग्न होऊन इतकी वर्षं एका छपराखाली भांडलेली आम्ही दोघं, सुलोचना पुण्यात आणि मी राजस्थानात! अहो, बदली सरकारी नोकराची होते, नवरा-बायकोची कुठं होते का? फोन करतो मी तिला रोज. काय बोलते? "अहो, ठेवते, एक रडतंय आणि दुसरं रडायच्या बेतात आहे!" ठेवते तर ठेवते, पण कारण देते! प्रत्येक वेळी कारण, प्रत्येक वेळी वेगळं. याला म्हणतात बाईमाणूस!

आणि इकडे? सून सुरुची, गुणी पोरगी, सकाळीच बँकेत जाते. कौशिक घरीच असतो, पण घरी म्हणजे बंद खोलीत. दिवसभर मी आणि कूलर. दोघंही चालू, दोघांनाही कुणी विचारत नाही. संध्याकाळी दार उघडतं. "काय रे, काय काम झालं आज?" "काही नाही." "चेहरा का उतरलाय?" "काही नाही." "रविवारी आमेरचा किल्ला बघायला जाऊ या?" "बघू, बाबा." तुम्हाला सांगतो, मी मंत्र्यांकडून उत्तरं काढलीत, जिल्हाधिकाऱ्यांना पायऱ्यांवर अडवलंय, पण या पोरापुढं माझी पत्रकारिता हरली!

आता ऐका, खरी गोष्ट पुढं आहे. वसंतरावांनी फोन केला, "पंढरीनाथराव, मंडळातर्फे तुमचं एक छोटंसं फंक्शन ठेवतोय." फंक्शन! मी हरखलो. जेवताना जाहीर केलं. सुरुची म्हणाली, "अरे वा बाबा! पण माझं त्या दिवशी ऑडिट आहे हो." बघा, कारण! कौशिक म्हणाला… सांगायला हवं का?

आणि दुसऱ्या दिवशी मी त्याच्या खोलीवरून पाण्याची बाटली घेऊन चाललोय. कौशिकच्या हाताखाली पुण्याचा एक संकल्प म्हणून आहे, त्याच्याशी तो मराठीत बोलतो. माझ्याशी बोलत नाही तितकं त्याच्याशी बोलतो. आणि आतून काय ऐकू यावं? "नाही संकल्प, हे फंक्शन फेल होणार. मी पहिल्यापासून सांगतोय."

मी जागच्या जागी थांबलो.

"लिस्ट रिकामी आली तर काय करणार? पहिला म्हणून कुणाला उचलणार? कुणी असलं तर ना!"

अहो, मी दाराला कान लावला! म्हणजे यादी रिकामी? मंडळाची यादी? पहिल्या रांगेत बसवायला माणूस नाही?

"आणि त्याचा टाइप बघ. टाइप सरळ खोटं बोलतोय. आव असा की काहीही द्या, मी पार पाडतो, आणि आयत्या वेळी कोसळणार!"

टाइप! माझा टाइप! खोटं! आणि त्यावर कळस ऐका. "नाही रे, काढूनच टाकू या. जुनं आहे. कुणी वापरत पण नाही."

तुम्हाला सांगतो, दार ढकललं मी. अंगात बनियन, कमरेला लुंगी, हातात बाटली. "माझा टाइप खोटा? चाळीस वर्षांत एका बातमीचा खुलासा छापावा लागला नाही माझ्या! जुनं आहे म्हणून काढून टाकतोस? वापरत नाही म्हणतोस? अरे, वापरून तरी बघ!" कौशिक हात हलवतोय, "बाबा, बाबा, कॅमेरा…" आणि पडद्यावर चार चेहरे! दोन साहेब, एक बाई आणि हा संकल्प. सगळे माझ्या लुंगीकडे बघतायत. संकल्प म्हणतो, "नमस्कार काका."

शिकलेल्या घरचा मुलगा आहे.

पण पुढं काय झालं? कौशिक हसला. मी त्याला इतकं हसताना कधी पाहिलं होतं म्हणून आठवायला गेलो तर तो दहावीत होता. त्यानं ते यंत्र मिटलं, मला गॅलरीत नेलं, दोन खुर्च्या टाकल्या, आणि म्हणाला, "बाबा, फंक्शन म्हणजे समारंभ नाही हो! आमच्या कॉम्प्युटरच्या प्रोग्राममध्ये फंक्शन म्हणजे एक नेमून दिलेलं काम करणारा माणूस समजा. त्याला काहीतरी द्यायचं, तो त्यातून काहीतरी काढून परत देतो. आणि आमची भाषा अशी आहे की हा काय घेणार आणि काय परत देणार, ते त्याच्या कपाळावर आधीच लिहिलेलं असतं. तो त्याचा टाइप. प्रोग्राम सुरू व्हायच्या आधी एक कंपायलर, म्हणजे तपासनीस, सगळ्यांची कपाळं वाचतो. कुठं जुळलं नाही की अडवतो."

मी काय केलं असेल? मी प्रश्न विचारला! "मग आधीच सगळं लिहिलेलं आहे तर फेल कसं होतं?"

तर तो खुर्चीतून पुढं सरकला हो. "हाच तर प्रश्न आहे, बाबा!" पुढारी असं म्हणतात तेव्हा त्यांच्याकडे उत्तर नसतं. याच्याकडे होतं! म्हणाला, पहिला प्रकार खोटारड्याचा. कपाळावर लिहिलंय, यादी द्या, यादीतला पहिला माणूस देतो. तुम्ही रिकामी यादी दिलीत. पहिला कुठून आणणार? कोसळला! आणि आपण कोसळू शकतो हे कपाळावर कुठं लिहिलंच नव्हतं, त्यामुळे कंपायलर पण फसला. मी म्हटलं, हे तर आमच्या खालच्या मजल्यावरचे माथुरजी! "अरे अंकलजी, आपका सम्मान और हम न आएँ? पक्का आएँगे, सपरिवार आएँगे!" दिसतोय का कुठं परिवार? त्या खुर्चीखाली बघा.

मग म्हणे, दुसरा प्रकार प्रामाणिक. तो कपाळावरच लिहून ठेवतो की देईन, किंवा काही नाही. असेल तर असेल, नसेल तर नसेल. मग त्याला काम सांगणाऱ्याला कंपायलर विचारतो, मिळालं तर काय करणार ते लिहिलंस, पण 'काही नाही' आलं तर काय करणार? ते कुठाय? ते लिहिल्याशिवाय पुढं सोडत नाही!

आणि मी खुर्चीवर थाप मारली. "अरे, हा तर सदाशिव!"

सदाशिव म्हणजे आमचा उपसंपादक. चष्मा नाकावर, पान गालात. खामगावात कुणाचाही समारंभ असो, पाहुणे मुंबईहून येणार असोत की नांदुऱ्याहून, समारंभाच्या आधीच सदाशिव बातमी दोनदा लिहून घ्यायचा. एक, पाहुणे आले तर. दुसरी, पाहुणे नाही आले तर. आम्ही म्हणायचो, "सदाशिवभाऊ, आता त्यांची गाडी शेगावला दिसली म्हणतात!" तो म्हणायचा, "गाडी दिसली. पाहुणा दिसला का? दुसरी आण." दुसरी टेबलावर पडल्याशिवाय अक्षर खाली छापखान्यात जुळवायला जायचं नाही! हे सांगितलं तर कौशिकनं माझा हात धरला. "बाबा, हाच! हाच कंपायलर! मी संकल्पला सांगतो हे." माझा हात धरून! संकल्पला सांगतो म्हणाला, सांगू दे, कुणाला का सांगेना.

तिसरा प्रकार काय विचारा… काय विचारता, तुम्हाला मी आधीच सांगून बसलोय. उत्तर देईन, किंवा का देत नाही त्याचं कारण देईन. म्हणजे आमच्या सौभाग्यवती. दूध उतू चाललंय, लंगोट बदलायचाय, दारात कुरिअर आहे… नाही म्हणते, पण रिकाम्या हातानं परत पाठवत नाही. मी कौशिकला म्हटलं, "तू आईवर का नाही रे गेलास?" तर त्यानं चौथं बोट काढलं.

आणि चौथा. चौथा सांगताना तो जरा हळू बोलायला लागला. म्हणाला, "बाबा, चौथा सगळ्यात वाईट. तो उत्तर देत नाही, काही नाही म्हणत नाही, कारण देत नाही, कोसळतही नाही. नुसता चालू राहतो. बाहेरून बघणाऱ्याला कळत नाही की काम करतोय की अडकलाय. आणि तो असा अडकणार की नाही, हे कंपायलरला आधीपासून सांगता येतंच असं नाही."

मला आमच्या घरची दुपार दिसली. पण मी बोललो नाही. एवढा बोलका मी, पण नाही बोललो, कारण त्या क्षणी गॅलरीत वारा होता, खालून भेळवाल्याची घंटी येत होती आणि पोरगा माझ्याशी बोलत होता. असं काही मोडायचं नसतं.

फक्त एक केलं. बातमीदाराची खोड! संधी साधली. "बरं, मग तू माझ्या फंक्शनला येणार का?"

"बघू, बाबा."

असा संताप आला म्हणून सांगू! तर तो काय म्हणतो, "चिडू नका. 'येतो' म्हणून आलो नाही तर मी खोटारडा, पहिल्या प्रकारातला. 'बघू' हा माझा खरा टाइप आहे. तुम्ही दोन्हीची तयारी ठेवायची." घ्या! बिनतोड! अरे पण मी तुझा बाप आहे की तुझा कंपायलर आहे?

तरी केली हो तयारी. दोन भाषणं लिहायला बसलो. तो आला तर, आणि तो नाही आला तर. पहिलं झरझर उतरलं. त्यात सदाशिव आहे, गॅलरी आहे, शेवटी ती दोन वाक्यं आहेत. दुसऱ्यासाठी कोरा कागद घेतला, वर लिहिलं, "कौशिक आला नाही तर." आणि… नाही लिहिलं पुढं. सदाशिवनं हाकलून दिलं असतं मला. तर मंडळी, मघापासून तुम्ही जे ऐकताय ते पहिलंही नाही आणि दुसरंही नाही. हे नुसतं चालू आहे. भाईसाब, माळा लावा तुम्ही, लावा बाजूनं, मी मध्ये येणार नाही… अहो, ती शिडी जरा जपून.

थांबा. वाजला. माझाच वाजला. कौशिकचा मेसेज! पाहिलंत? वसंतराव, आता दाखवा घड्याळ! कुठवर पोचला म्हणतोय बघू… बराच मोठा आहे. याचा मेसेज कधी दोन शब्दांच्या वर जात नाही, हा तर खाली सरकतच चाललाय. "बाबा, सॉरी." एवढं मराठी. पुढं सगळं इंग्रजी. बी.ए. झालोय मी, इंग्रजी येतं मला, पण यातलं 'द' आणि 'अँड' सोडलं तर… कीर्ती! बेटा, इकडे ये. ही कीर्ती, सांगलीची, इथं याच लायनीत नोकरीला आहे, मराठी ऐकायला मिळेल म्हणून रिक्षा करून आलीय बिचारी आणि तिला हे ऐकायला मिळतंय. वाच हे. काय म्हणतोय? मोठ्यानं सांग, लाजू नकोस, इथं सगळे आपलेच आहेत, मोजकेच आहेत.

काय? "काका, ते म्हणतायत, त्यांचं एक फंक्शन अडकलंय."

अडकलंय. बरं. म्हणजे कोसळलं नाही?

"नाही काका. दुपारपासून उत्तरही देत नाही आणि बंदही पडत नाही. त्यावर दवाखान्यांतल्या पेशंटच्या वेळा ठरतात, त्यामुळे सोडून उठता येत नाही. कुणीतरी समोर बसून राहावं लागतं."

ऐकलंत? कारण दिलं! 'बघू' नाही, 'काही नाही' नाही, कारण दिलं पोरानं! लांबलचक, मुद्देसूद, शंकेला जागा नाही. आयुष्यभर मी लोकांना 'का' विचारत आलो, आज मुलानं न विचारता सांगितलं. मला आनंदच झाला पाहिजे. झालाय. कारण योग्य आहे, पेशंट आहेत, मी संपादक असतो तर मीही त्याला उठू दिलं नसतं… वाईट वाटायला हरकत नाही ना पण? थोडं?

दे बेटा तो फोन. बस तू. त्या खुर्चीवर बस, पिशवी उचलून खाली ठेव.

पण तुम्हाला सांगतो, मला एक कळलं नाही. ते फंक्शन दुपारपासून एका शब्दानं उत्तर देत नाही, म्हणून माझा मुलगा त्याच्यासमोर बसून आहे. हलत नाही. पाणी प्यायला उठला नसेल. आणि मी? मला कुणी काही विचारलं की विचारायच्या आत माझं उत्तर तयार! बाबा, जेवलात का, जेवलो. बाबा, बरं वाटतंय ना, उत्तम. बाबा, गॅस बंद केला का, केला. मग माझ्यासमोर कोण बसेल हो? उत्तर मिळालं, गेले पुढं! चूक माझीच आहे. ठरलं. आजपासून मी उत्तर द्यायचं बंद. नुसता चालू राहणार, कूलरसारखा. कुणी काहीही विचारो, हूं नाही की चूं नाही. येऊ दे मग सगळ्यांना धावत, बसू दे समोर खुर्च्या टाकून, विचारू दे, "बाबांना झालंय काय?" ठाम निर्णय आहे, वसंतराव, इतिवृत्तात लिहून घ्या…

पुन्हा वाजला. फोन आहे, फोन! त्याचाच! श्श… गप्प बसा, माळवाले भाईसाब, एक मिनिट… कसं झालं विचारणार बघा…

हॅलो? … हां, बोल रे. … हो, आहे अजून इथंच. … नाही नाही, छान झालं, हॉल भरला होता. … हो, मिळाला मेसेज, कळलं सगळं. … काय? … आणतो ना. … किती, दोन पिशव्या? … हो. … हो, साय येते तेच. … आणतो, आणतो, तू बस तिथं, उठू नकोस.

… ठेवला.

तर मंडळी… इथं जवळपास दूध कुठं मिळतं हो?